पडद्यामागच्या राबणाऱ्या

गणपती विसर्जनाची मिरवणूक म्हटली की पूर्वी ढोल-ताशे, लेझीम, गुलाल आणि लेकरांना खांद्यावर घेऊन रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिलेली माणसं आठवायची. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. लेसरचे झोत! डीजेच्या भिंतीवरून हिरवे-निळे पट्टे गर्दीच्या डोक्यावरून फिरतात, धुरात चमकतात, आणि पोरं त्या झोतांकडे तोंड करून नाचतात. २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतून बातम्या आल्या. मिरवणुकीत नाचलेली तरुण मुलं एका डोळ्यानं धूसर दिसतंय, मधोमध डाग दिसतोय अशी तक्रार घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे येत होती. तपासलं तर डोळ्याच्या पडद्यावर भाजल्याच्या खुणा, कुणाच्या पडद्यावर रक्तस्राव. नेत्रतज्ज्ञांनी आवाज उठवला. पुण्यात पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेसर झोतांवर बंदी घातली.

आमचं महिला मंडळ वस्तीत वर्षातून दोनदा नेत्रतपासणी शिबिर घेतं. माझं काम नावनोंदणीचं, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून खुर्चीपर्यंत आणण्याचं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा एकदा सोप्या भाषेत सांगण्याचं. अशाच एका शिबिरात चार घरची धुणीभांडी करणारी एक मावशी आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मिरवणुकीला दोन महिने होऊन गेले होते. मुलाच्या उजव्या डोळ्याला समोरच्या माणसाचं नाक दिसत नव्हतं, कान दिसत होते. डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं, "पडद्याला भाजलंय. व्रण धरलाय." मावशीनं आपला हात पुढे केला. "मॅडम, हा हात तव्यावर शंभरदा भाजलाय. आठ दिवसांत नवी कातडी येते. मग डोळ्याला का येत नाही?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, डोळ्याचा पडदा कातडीसारखा नसतो. तो मेंदूचाच भाग असतो." मागे चाळीस जणांची रांग होती, त्यामुळे बोलणं तिथंच थांबलं. मावशीचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. हात भरून येतो, मोडलेलं हाड सांधतं, बाळंतपणाचे टाके भरतात, मग पडद्याचं काय घोडं अडलं? मी कला शाखेची. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटलेला. पण मॅडमनी दोन पुस्तकं दिली, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या लेकीनं अवघड शब्द सोडवून दिले, आणि पुढचे काही महिने दुपारची कामं आवरली की मी तेच वाचत बसले. वाचता वाचता कळलं, मावशीच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पेशी पाहतात त्यांच्यापाशी नाहीच. ते आहे त्यांना सांभाळणाऱ्या पेशींपाशी. आज त्यांच्याविषयीच सांगणार आहे.

पाहणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या

आपण ज्याला पडदा म्हणतो तो डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला चिकटलेला असतो. त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, वहीचे दोन-तीन कागद एकावर एक ठेवावेत एवढी. त्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. अंधूक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी, एका डोळ्यात सुमारे १२ कोटी. आणि रंग व बारकावे दाखवणाऱ्या शंकुपेशी, सुमारे ६० लाख. सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे निवडणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग ओळखणं, हे सगळं पडद्याच्या मधल्या छोट्याशा भागावर अवलंबून असतं. तिथं शंकुपेशी दाटीवाटीनं असतात. मावशीच्या मुलाचं नेमकं तिथंच भाजलं होतं.

शाळेच्या पुस्तकात आपण दंड आणि शंकू शिकलो आणि पुढच्या धड्याकडे गेलो. पण या पेशी एकट्या एक दिवसही जगू शकत नाहीत. त्यांच्यामागे एक आणि त्यांच्या अवतीभवती दुसरी, अशा दोन प्रकारच्या पेशी चोवीस तास राबत असतात. मराठीत पेशी हा शब्द स्त्रीलिंगी आहे, ते किती योग्य आहे हे मला तेव्हा पटलं!

पहिली म्हणजे पडद्याच्या पाठीमागचा काळ्या रंगद्रव्याचा थर. एकाला एक लागून बसवलेल्या फरश्यांसारख्या या पेशी. त्यांची कामं पाहा. इकडेतिकडे विखुरणारा जादा उजेड शोषून घ्यायचा. मागच्या रक्तवाहिन्यांतून अन्नपाणी पुढे पोचवायचं. उजेड टिपताना वापरलं गेलेलं 'अ' जीवनसत्त्वाचं रूप पुन्हा ताजं करून परत द्यायचं. या 'अ' जीवनसत्त्वाचा आणि दृष्टीचा संबंध उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चं नोबेल पारितोषिक वाटून मिळालं. आणि सगळ्यात चिकाटीचं काम म्हणजे केर काढायचा. उजेड टिपणारी पेशी आपल्या टोकाचा झिजलेला भाग रोज टाकून देते आणि बुडाशी नवा बनवते. साधारण दहा दिवसांत सगळं टोक नवं होतं. टाकलेला तुकडा ही काळी पेशी गिळते आणि पचवते. रोज, जन्मभर! आणि ती स्वतः? आपल्यात तिची पुन्हा वाढ होऊन नवी पेशी सहसा तयार होत नाही. जन्माला आली तीच म्हातारपणापर्यंत पुरवायची.

दुसरी म्युलर पेशी. जर्मनीतले शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिख म्युलर यांनी १८५१ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिचं नाव म्युलर. मांडवाचा खांब जसा जमिनीपासून छतापर्यंत असतो, तशी ही पडद्याच्या एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत उभी असते. तिच्या फांद्या आजूबाजूच्या प्रत्येक पेशीला वेढून असतात. पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा जी रसायनं सांडतात, ती जास्त साचली तर विषासारखी बाधतात. म्युलर पेशी ती टिपून घेते, निरुपद्रवी करते आणि परत वापरायला देते. पोटॅशियमचं प्रमाण वाढलं तर ते दुसरीकडे वाहून नेते. इंधन पुरवते. एवढंच काय, आपल्या डोळ्याची रचना अशी उलटी की उजेड आधी पडद्याच्या सगळ्या थरांतून जातो आणि मग उजेड टिपणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो. मग मधे तो विखुरत कसा नाही? २००७ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवलं की म्युलर पेशी उजेडाला आपल्यातून वाट देतात. इंटरनेटसाठी काचेच्या तारा टाकतात ना, तशा.

आपल्याकडे घरातल्या बाईचं काम ती आजारी पडली की दिसतं. या पेशींचंही तसंच आहे. इतकी वर्षं त्यांना नुसतं 'भरणा' समजलं गेलं, आधाराला ठेवलेलं सामान. संकट आलं तेव्हा त्या काय करतात हे पाहिल्यावर शास्त्रज्ञांचं मत बदललं.

उजेडही इजा करतो

उजेडानं डोळ्याला इजा होते ती मुख्यतः दोन तऱ्हांनी. एक भाजण्याची. लेसरचा झोत एवढा एकवटलेला असतो की डोळ्याचं भिंग तो पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या जागी आणून ठेवतं. तिथं तो कोण शोषतं? तोच काळा थर. ज्यानं जादा उजेड शोषून पडद्याला वाचवायचं, तोच आधी तापतो आणि शेजारच्या पेशींना घेऊन भाजतो. पापणी लवण्याआधीच हे घडून जाऊ शकतं.

दुसरी तऱ्हा गुपचूप होते. यात तापमान वाढत नाही, पण उजेडामुळे पेशींत रासायनिक उलथापालथ होते. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातले वर्नर नोएल यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. जो उजेड भाजण्याइतका मुळीच तीव्र नव्हता, त्यात उंदरांना तासन् तास ठेवलं तर त्यांच्या दंडपेशी मेल्या. उंदीर निशाचर, त्यातून प्रयोगातले पांढरे, डोळ्यात रंगद्रव्य नसलेले. त्यामुळे त्यांचं मोजमाप जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही. पण सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे टक लावून पाहिल्यावर माणसाच्या पडद्याला होणारी इजा मुख्यतः याच जातीची असते. पडद्याला वेदना कळत नाहीत. म्हणून पाहताना काहीच होत नाही, आणि काही तासांनी डाग दिसू लागतो.

संकट येतं तेव्हा

आता खरी गोष्ट. प्रयोगशाळेत उंदरांना प्रखर उजेडात ठेवल्यावर काय होतं, ते पायरीपायरीनं पाहिलं गेलं आहे. पहिली पायरी हाकेची. अडचणीत आलेल्या प्रकाशपेशी रासायनिक निरोप सोडतात. म्युलर पेशींना तो कळतो आणि त्यांच्यापैकी काही जणी एक खास प्रथिन तयार करू लागतात. झुरिकच्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं. आनुवंशिक दोषामुळे ज्यांच्या प्रकाशपेशी हळूहळू मरतात अशा उंदरांमधून त्यांनी हे एकच प्रथिन काढून टाकलं. तेव्हा म्युलर पेशी ढिम्म बसून राहिल्या आणि प्रकाशपेशी भराभर मेल्या. म्हणजे रोग तोच, पण शेजारीण धावून आली नाही तर मरण लवकर येतं.

दुसरी पायरी रसद पोचवण्याची. जगण्याचं बळ देणारी प्रथिनं पडद्यात वाढतात. त्यांची ताकद किती? १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमधल्या संशोधकांनी उंदरांच्या डोळ्यांत अशा प्रथिनांचं इंजेक्शन आधी दिलं आणि मग त्यांना सतत उजेडात ठेवलं. पुष्कळ पेशी वाचल्या. गंमत पुढेच आहे. काहींना नुसती कोरडी सुई टोचली होती, औषध दिलंच नव्हतं. तरी सुईच्या वाटेजवळच्या पेशी वाचल्या! छोट्याशा जखमेनं आजूबाजूच्या पेशींना जागं केलं होतं, आणि मोठं संकट आलं तेव्हा त्या तयारीत होत्या.

तिसरी पायरी साफसफाईची. पडद्यात पहारेकरी पेशीही असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. एरवी त्या आतल्या थरांत असतात. इजा झाली की बाहेरच्या थराकडे सरकतात आणि मेलेल्या पेशी गिळतात. त्यांचं आणि म्युलर पेशींचं आपसात बोलणं चालतं. त्यावर ठरतं की बळ देणारी प्रथिनं वाढणार की कमी होणार. पहारेकरी जास्त भडकले तर सूज वाढते आणि चांगल्या पेशींचंही नुकसान होतं. घरात आजारपण आलं की मदतीला येणारे आणि गोंधळ घालणारे बरेचदा तेच असतात, तसंच काहीसं.

इथपर्यंत इजा थोडी असेल तर पडदा सावरतो. काळ्या थरातली एखादी पेशी गेली तर तिच्या शेजारणी स्वतःला ताणून, सरकून मोकळी जागा झाकतात. ग्रहण पाहून डाग पडलेल्यांपैकी अनेकांची नजर काही महिन्यांत बरीच सुधारते. काहींना मात्र तो डाग कायमचा राहतो. मावशीच्या मुलाचं सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा डागाची कड थोडी आत आली होती, पण मधला भाग तसाच होता. तो आता डाव्या डोळ्याच्या भरवशावर पॅकिंगचं काम करतो. ड्रायव्हर व्हायचं होतं, ते मनातच राहिलं.

व्रण का धरतो?

मग मोठ्या जखमेत काय होतं? इजा फार झाली आणि प्रकाशपेशी गेल्याच, की म्युलर पेशी आपलं रूप बदलतात. एरवी जे प्रथिन त्यांच्यात नावापुरतं असतं ते त्या भरपूर बनवू लागतात, जाड होतात, आपल्या फांद्या पसरून मोकळ्या जागा भरतात आणि भोक लिंपून टाकतात. हाच व्रण. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. डोळा भरून येतोच, पण कातडीसारखा नाही. कातडीखाली नव्या पेशी बनवणाऱ्या पेशी कायम तयार असतात. पडद्यात गेलेल्या प्रकाशपेशीच्या जागी नवी प्रकाशपेशी बनवणारं आपल्यात कोणी नाही. म्हणून म्युलर पेशी तिच्या ताब्यात जे आहे ते करते. भिंत लिंपते. घर वाचतं, पण त्या जागी खिडकी राहत नाही.

या व्रणाला नुसतं वाईट म्हणून चालणार नाही. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे पाहून पडद्यावर डाग पडलेल्या रुग्णांचे डोळे जर्मनीतले डॉक्टर गेर्ड मायर-श्विकेराट यांनी तपासले. त्यांच्या मनात आलं, उजेडानं असा घट्ट व्रण होत असेल तर फाटलेला पडदा चिकटवायला तो मुद्दाम का करू नये? त्यांनी आधी सूर्याचाच प्रकाश वापरला, मग झेनॉनचा दिवा. पुढे लेसर आले. आज मधुमेहात पडदा खराब होऊ लागला की डॉक्टर लेसर करायला सांगतात. आपल्या ओळखीतल्या किती तरी जणींनी तो करून घेतला असेल. तो त्याच विचारातून पुढे आला. डॉक्टरांच्या हातात मोजून-मापून दिलेला झोत नजर वाचवतो. डीजेच्या भिंतीवरचा झोत मोजलेला नसतो, आणि तो कुणाच्या डोळ्यात जाईल हे कुणालाच माहीत नसतं.

ओढ्यातल्या मासोळीला जमतं ते

वाचताना मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते एका मासोळीनं. झेब्रा मासा, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. लोक काचेच्या पेटीत पाळतात. हा मूळचा आपल्याच उपखंडातला, ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत राहणारा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवर लिहिलेल्या १८२२ च्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. या माशाला प्रखर उजेडात ठेवलं तर त्याच्याही प्रकाशपेशी मरतात. पण त्याच्या म्युलर पेशी नुसतं लिंपत नाहीत. त्या जणू पुन्हा लहान होतात, दुभंगतात, त्यांच्यापासून कोवळ्या पेशी निघतात आणि काही आठवड्यांत नव्या दंडपेशी, नव्या शंकुपेशी जागेवर येतात. मासा पुन्हा पाहू लागतो!

पेशी तीच, नाव तेच, जागा तीच. मग माशाला जमतं ते आपल्याला का नाही? या प्रश्नामागे जगभर लोक लागले आहेत. आपल्या मोहालीच्या आयसर संस्थेत राजेश रामचंद्रन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झेब्रा माशाच्या पडद्यावर काम केलं आहे. त्याआधी, २०१० मध्ये, अमेरिकेत असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की इजा झाल्यावर माशाच्या म्युलर पेशीत एक विशिष्ट जनुक जागा होतो आणि तिथून पुढची साखळी सुरू होते. २०१७ मध्ये सिॲटलच्या टॉम रे यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या म्युलर पेशींत तोच जनुक मुद्दाम चालू केला आणि जोडीला एक औषध दिलं. मोठ्या झालेल्या उंदरांत काही म्युलर पेशींपासून चेतापेशी तयार झाल्या आणि त्यांनी आजूबाजूच्या पेशींशी जोडणीही केली. संख्या थोडी होती, त्या प्रकाशपेशीही नव्हत्या, पण बंद दाराची कडी हलली.

२०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या कैस्ट संस्थेच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. उंदरात इजा झाल्यावर शेजारच्या चेतापेशींकडून एक प्रथिन म्युलर पेशींत शिरतं आणि त्यांना 'तू आहेस तशीच राहा' असं जणू बजावतं. ते प्रथिन वाटेत अडवलं तर उंदराच्या म्युलर पेशी नव्या पेशी बनवण्याच्या दिशेनं निघतात. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि जरा वेळ तशीच बसले. अंगात धमक आहे, पण शेजारपाजारच दाबून ठेवतो. ही गोष्ट आपण किती घरांत पाहिली आहे!

आशा आणि तिचा बाजार

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळं अजून मासे आणि उंदीर यांच्यापुरतं आहे. मेलेल्या प्रकाशपेशी म्युलर पेशींकडून परत उगवून देणारा उपचार माणसासाठी उपलब्ध नाही. आणि जिथं आशा असते तिथं बाजार बसतोच. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये म्हातारपणी पडदा झिजलेल्या तीन बायकांना त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या 'स्टेम सेल'ची इंजेक्शनं डोळ्यांत दिली गेली, तीही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. प्रत्येकीनं ५ हजार डॉलर मोजले होते. तिघींचीही उरलीसुरली नजर जवळपास गेली. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तेव्हा आपल्याकडे कुणी 'पडदा नवा करून देतो' म्हणालं, खास करून आधी पैसे मागून म्हणालं, तर दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. दागिना मोडून आशा विकत घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नंतर त्यांच्याकडे दागिनाही नसतो आणि नजरही नसते.

मग आपल्या हातात काय आहे? या राबणाऱ्या पेशींवर त्यांना झेपणार नाही असं ओझं टाकायचं नाही, एवढं नक्की आहे.

लेसर पॉइंटर हे खेळणं नाही. जत्रेत शे-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या हिरव्या पॉइंटरवर लिहिलेली ताकद खरी असेलच असं नाही. मुलांच्या पडद्याला त्यामुळे इजा झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. लहान मुलांच्या डोळ्याचं भिंग जास्त स्वच्छ असतं, त्यामुळे घातक उजेडही जास्त आत जातो, हेही लक्षात ठेवा.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर महाराष्ट्राच्या बऱ्याच भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. मुलांना घरात कोंडू नका, पण उघड्या डोळ्यांनी पाहूही देऊ नका. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, ताटातल्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीच सुरक्षित नाही. आयएसओ १२३१२-२ हे मानक असलेला, न चरचरलेला ग्रहणाचा चष्मा वापरा. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून कागदावर सूर्याचं चित्र पाडा आणि सूर्याकडे पाठ करून ते पाहा. २०१७ च्या ग्रहणात न्यूयॉर्कमधल्या एका तरुणीनं चष्म्याशिवाय काही सेकंद सूर्याकडे पाहिलं, तर तिच्या पडद्यावर चक्क चंद्रकोरीच्या आकाराची इजा उमटली होती.

घरात कुणी वेल्डिंगचं काम करत असेल तर त्याच्या डब्याइतकीच त्याच्या मुखवट्याची चौकशी करा. वेल्डिंगचा उजेड बहुतेक वेळा डोळ्याच्या पुढच्या काचेला इजा करतो. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, ते यामुळे. पण पडद्यालाही धोका असतो.

मोबाइलचं काय, असं प्रत्येक शिबिरात आया विचारतात. पडद्याला इजा करायला जेवढा उजेड लागतो त्यापेक्षा मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड फार कमी असतो. निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मे घ्यायची गरज नाही, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही सांगते. मोबाइलनं डोळे थकतात ते पापणी कमी लवते म्हणून. झोपही बिघडते. त्यासाठी मोबाइल कमी करा, पण पडदा जळेल या भीतीनं नव्हे.

पडद्याच्या मधल्या भागात पिवळं रंगद्रव्य असतं. ते निळा उजेड गाळून घेतं, आणि ते शरीराला स्वतःला बनवता येत नाही. पालक, मेथी, मका, अंड्याचा पिवळा बलक यांतूनच ते मिळतं. घरातल्या सगळ्यांना पालेभाजी वाढून उरली तर आपण, ही सवय मोडा. आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर म्हातारपणी पडदा झिजण्याचा धोका तिच्यानं वाढतो, हे त्याला ऐकवा.

शेवटी एक सोपी चाचणी. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्सच्या रेषा सरळ असतात. महिन्यातून एकदा आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून त्या रेषांकडे पाहा. चाळिशीचा चष्मा असेल तर तो लावून. रेष वाकडी दिसली, मधेच तुटली किंवा डाग दिसला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, दोन दिवसांत डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं सगळं झाकून टाकतो. मावशीच्या मुलाचे दोन महिने त्यातच गेले.

यंदा आमच्या महिला मंडळानं आणखी एक ठरवलं आहे. गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात येतात तेव्हा पैसे बहुतेक घरांत बाईच्याच हातून जातात. वर्गणी द्यायची, अगदी आनंदानं द्यायची. पण पावती घेताना तिच्या मागे मंडळाच्या सेक्रेटरीकडून एक ओळ लिहून घ्यायची, 'मिरवणुकीत लेसर लावणार नाही.' सही आणि तारखेसकट. आमच्या गल्लीतल्या तीन मंडळांनी लिहून दिलं आहे. चौथ्याशी बोलणं चालू आहे.